फरशीचा चिखल अन् मल्चिंगचा कचरा: यातून पेव्हर ब्लॉक होतील का?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

औसा रोडला आमच्या चुलत्यांचं फरशी कटिंग-पॉलिशचं छोटं युनिट आहे. माल सगळा शहाबादी. कटिंगला पाणी लागतं, आणि त्या पाण्याबरोबर दगडाचं पीठ वाहत मागच्या खड्ड्यात जातं. खड्डा भरला की जेसीबी लावून उपसायचा आणि मागं ढीग लावायचा. वीस वर्षांचा ढीग आहे. उन्हाळ्यात वावटळ सुटली की लिंबाची झाडंसुद्धा पिठाच्या गिरणीत उभी असल्यासारखी दिसतात. पावसाळ्यात तेच पीठ शेजारच्या रानात उतरतं. जिथं थर बसला तिथं पाणी मुरत नाही, सोयाबीन वर येत नाही. शेजारच्या आबांनी यंदा बांधावर उभं राहून सांगितलंय, पुढच्या पावसात असं झालं तर मी थेट तहसील गाठणार. त्यांचं काहीच चूक नाही.

दुसरीकडं बायकोच्या बचत गटानं गावात प्लास्टिक गोळा करायला सुरुवात केली. दुधाच्या पिशव्या, खताची पोती, वेफरची पाकिटं, आणि सगळ्यात जास्त टरबूज-मिरचीच्या रानातला मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरतात तो पातळ प्लास्टिकचा कागद. जुन्या शाळेची एक खोली पत्र्यापर्यंत भरली. आता पुढं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही.

परवा एक व्हिडिओ पाहिला. प्लास्टिक वितळवलं, त्यात दगडाची भुकटी कालवली, साच्यात दाबलं की ब्लॉक तयार. म्हटलं, आपल्याकडं तर दोन्ही वस्तू फुकट पडून आहेत! सरपंचही म्हणाले, मारुतीच्या पाराभोवती बसवू. तर प्रश्न असे: हे खरंच टिकतं का? आपल्या भागात कुणी केलंय का? आणि ब्लॉक होत असतील तर भिंतीच्या विटा का नको?

उंटावरचा_शहाणा

व्हिडिओत आमची सूनही दोन मिनिटांत पुरणपोळी करते. बसलो बघा जागा धरून, येऊ द्या प्रतिसाद.

खडीमशीन

जालन्याकडं क्रशर आहे, म्हणून दगडापुरतं बोलतो, प्लास्टिकचं जाणकारांनी सांगावं.

"दगडाचा चुरा" म्हणून सगळं एका पोत्यात भरू नका. आमच्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. पूर्वी खडी विकली जायची आणि कच-डस्टचे डोंगर उभे राहायचे. गंगेची, म्हणजे आपल्या गोदावरीची वाळू महागली, नंतर मिळेनाशी झाली, तेव्हापासून तीच डस्ट धुऊन, चाळून क्रश सँड म्हणून जाते. म्हणजे आज आमच्या डस्टला कचरा म्हणाल तर गिऱ्हाईक हसेल. उरतं ते धुतल्यावर खाली बसणारं अगदी बारीक पीठ.

तुमचा शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. तो मऊ, त्याचं पीठही मऊ. प्लास्टिकमध्ये भरताड म्हणून हे पीठ वाईट नाही. पीव्हीसी पाइपवाले कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मुद्दाम विकत घेऊन घालतात, आणि तुमचा ढीग मुख्यतः तेच आहे. पण एक अट: पीठ खडखडीत वाळलेलं पाहिजे. वरून कोरडा दिसणारा ढीग हातभर खाली ओलाच असतो. ओलं पीठ दीडशे अंशाच्या प्लास्टिकमध्ये पडलं की पाण्याची वाफ होते, माल कढईतून उडतो, आणि साच्यात गेलाच तर ब्लॉकच्या पोटात जाळी पडते. इडली म्हणून खाता येईल फक्त.

प्रयोगवही

अंबाजोगाईत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

तेरणाकाठ, तुमच्या यादीतल्या वस्तू एकाच जातीच्या नाहीत. दुधाच्या पिशव्या आणि मल्चिंग पेपर हे हलकं पॉलिथिन, साधारण १०५ ते १२५ अंशांत वितळतं. शेततळ्याचा कागद आणि तेलाचे कॅन हे जड पॉलिथिन, १३० च्या आसपास. खताची पोती बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची, त्यांना १६५ च्या जवळ जावं लागतं. ही तिन्ही भावंडं एका भांड्यात कशीबशी नांदतात. पाण्याच्या बाटल्या मात्र पेट (PET) नावाच्या वेगळ्या प्लास्टिकच्या, त्या २५० पर्यंत वितळत नाहीत. आणि तेवढी आंच दिलीत तर बाकीच्यांचा कोळसा होईल. म्हणून बाटल्या बाजूला काढा, त्यांना भंगारात भाव आहेच. वेफरच्या पाकिटात प्लास्टिकच्या थरांवर अॅल्युमिनियमचा मुलामा असतो. थोडी पाकिटं चालून जातात, पण त्यांच्यावर भिस्त नको.

आता महत्त्वाचं. पीव्हीसी कटाक्षाने बाहेर. जुने पाइप, वायरीचं आवरण, रेक्झिन, काही चपला. पीव्हीसी तापलं की हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो, तो ओल्या नाकाडोळ्यांत गेला की आम्ल बनतो. जळालं तर डायॉक्सिनही तयार होतात. आणि कृपा करून उघड्या चुलीवर कढई ठेवून हा उद्योग करू नका. खालची आंच तुमच्या हातात नसते. तळाचा माल जळतो तेव्हा वरचा वितळलेलाही नसतो. बचत गटाच्या बायका वाकून ढवळणार आणि तो धूर गिळणार. त्यापेक्षा खोली भरलेली बरी.

हळदीचा_वाफा

प्रयोगवही ताई, तुमचा प्रतिसाद दोन वर्षं आधी आला असता तर माझ्या भुवया शाबूत राहिल्या असत्या.

मी वसमतचा. हळद शिजवायची मोठी कढई घरात होतीच. त्याच व्हिडिओवाल्याचा धडा गिरवला मी. गोठ्यासमोर कायम चिखल, म्हटलं ब्लॉक टाकू. ठिबकच्या कापलेल्या नळ्या आणि मल्चिंग पेपर कढईत टाकला, खडीमशीनवरून आणलेली कच ओतली. कच ओली होती. खडीमशीन भाऊ म्हणाले तसंच झालं, भजी तळताना तेल उडतं ना, तसा डांबरासारखा गोळा उडून मनगटावर बसला. तो सुटत नाही, कातडी घेऊनच निघतो. डाग आजही आहे. बापाने दुरूनच विचारलं, "कामून करायलास बे हे?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तरी खाज गेली नाही. पुढच्या वेळी कच उन्हात पत्र्यावर आठवडाभर वाळवली. साच्याला माल चिकटत होता म्हणून आतून इंजिनचं जुनं ऑइल फासलं. असे चाळीस ब्लॉक झाले. बसवले. दिसायला गुळगुळीत, काळेभोर, एकदम झक्कास. पहिल्याच पावसात म्हैस घसरली. चारी पाय चार दिशांना. गाभण होती. आम्ही तिघांनी दोर लावून उठवली तोवर माझ्या बायकोने मला उद्देशून जे शब्द वापरले ते इथं संपादक उडवतील.

मग सगळे ब्लॉक उलटे केले, खालची खरबरीत बाजू वर. आता दोन उन्हाळे झाले. तुटलेला एकही नाही, हे खरं सांगतो. पण दोन गोष्टी बघितल्या. उन्हात पडलेल्या कडा राखट झाल्यात, नखाने खरवडलं की भुकटी निघते. आणि एकदा भरल्या ट्रॉलीचा जॅक रात्रभर एका ब्लॉकवर राहिला, तर सकाळी तिथं वाटीएवढा खळगा. सिमेंटचा असता तर फुटला असता किंवा जसाच्या तसा राहिला असता. हा मधेच दबला.

उंटावरचा_शहाणा

म्हैस आता कशी आहे?

हळदीचा_वाफा

म्हैस बरी आहे, रेडकू झालं. ब्लॉकवर मात्र पाय ठेवत नाही, बाजूच्या चिखलातून जाते.

ओळंबा

म्हशीने आयएस कोड (भारतीय मानक) न वाचता निकाल दिलाय. मी सिव्हिलवाला, लातूरलाच असतो.

हळदीच्या वाफ्यात जे घडलं त्याची कारणं साधी आहेत. प्लास्टिक हे घट्ट दिसणारं पण हळूहळू वाहणारं द्रव्य. सतत वजन राहिलं की ते सरकतं, त्याला आम्ही क्रीप म्हणतो. ४२-४३ अंशांच्या मे महिन्यात काळ्या ब्लॉकचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो, मग हे सरकणं वाढतं. कडा राखट झाल्या त्या अतिनील किरणांमुळे. ठिबकची नळी काळी का असते? तिच्यात दोन-अडीच टक्के काजळी घातलेली असते, ती ऊन सोसते. दुधाच्या पिशवीत ती नसते. म्हणजे मिश्रणात काळ्या नळ्या जितक्या जास्त तितकं बरं.

तिसरी गोष्ट फुगण्याची. पॉलिथिन तापलं की काँक्रीटच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त प्रसरण पावतं. दगडाची भुकटी घातली की हे बरंच आटोक्यात येतं, पण काँक्रीटइतकं नाही. त्यामुळे ब्लॉक अगदी खेटून बसवायचे नाहीत, सांध्यात वाळू भरायला जागा सोडायची.

आता तेरणाकाठ, तुमच्या पाराचा हिशोब करू. ब्लॉक २० सेंटिमीटर लांब, १० रुंद, ६ जाड धरा. तीन भाग प्लास्टिक, सात भाग भुकटी, वजनाने. एक ब्लॉक साधारण २.१ किलोचा होईल, त्यात ६३० ग्रॅम प्लास्टिक. चौरस मीटरला ५० ब्लॉक, म्हणजे ३१ किलो प्लास्टिक. पाराभोवती हजार चौरस फूट असेल तर जवळपास तीन टन. तुमच्या खोलीत किती आहे?

दुसरी गंमत अशी की वजनाने ३० टक्के असलेलं प्लास्टिक हलकं असल्यामुळे जागा मात्र निम्म्याहून जास्त व्यापतं. दिसायला दगडाचा, पण वागायला प्लास्टिकचाच ब्लॉक असतो तो.

तेरणाकाठ

ओळंबा सर, खोलीतला माल परवाच काट्यावर नेला. सहाशे किलोही भरला नाही, आणि त्यात माती किती हे वेगळंच. तीन टन ऐकून बायको म्हणाली, म्हणजे अख्ख्या तालुक्याचं दूध आपणच प्यायचं का?

आणि दगडाचा आकडा मीच काढला. हजार फुटाला सात टन पीठ, म्हणजे जेमतेम दोन ब्रास. आमच्या ढिगाचा कोपरासुद्धा हलणार नाही. आबांना काय सांगू?

रद्दीसम्राट

आमचं तीन पिढ्यांचं भंगाराचं दुकान, परभणीत. इथं सगळे "फुकटचं प्लास्टिक" म्हणतायत म्हणून हसू आलं. ठिबकच्या नळ्या, कॅन, पाइपाचे तुकडे, शेततळ्याचा फाटका कागद, हे कुणी फुकट देत नाही हो. आम्ही किलोवर घेतो, त्याचे दाणे करणारे आमच्याकडून घेतात. ओळंबा म्हणतात तसं नळ्या जास्त घालायच्या तर त्या बाजारभावाने विकत घ्याव्या लागतील.

फुकट मिळतं ते कुणालाच नको असतं ते. मल्चिंग पेपर बघा. पंचवीस-तीस मायक्रॉनचा, एका हंगामात चिंध्या. काळ्या रानातून ओला उपटला की निम्मं वजन मातीचं. आम्ही तो दारातसुद्धा उभा करत नाही. धुवावा तर पाणी कुठलं? २०१६ ला लातूरकरांनी मिरजेच्या रेल्वेचं पाणी प्यायलंय, त्यांना प्लास्टिक धुवायला सांगणार का?

खडीमशीन

रद्दीसम्राट, पाणी कशाला? मल्चिंग पेपर मेच्या उन्हात रानातच पसरून वाळवायचा आणि फिरत्या जाळीच्या ड्रममध्ये झाडायचा. मळणीयंत्रात भुईमुगाच्या शेंगा झाडतात तसा. थोडी माती राहिली तर राहू द्या, तसंही पुढं त्यात दगडाचं पीठच घालायचंय!

प्रयोगवही

कल्पना चांगली. फक्त काळ्या मातीची ती चिकण जात ओल धरून ठेवते, आणि ओलीचं काय होतं ते हळदीवाल्यांच्या मनगटाला विचारा. वाळवण नीट झालं तर हरकत नाही.

निंबोणी

सगळे तांत्रिक बोलतायत म्हणून वेगळं बोलते. मुळात हे करावं का? पारावर रोज शेकडो पायांनी घासून, उन्हाने भुकटी होऊन ते प्लास्टिक शेवटी मातीतच जाणार ना? वर हळदीचा वाफा यांनी नखाने खरवडलेली भुकटी म्हणजे मायक्रोप्लास्टिकच. आज निदान पिशवी डोळ्यांना दिसते तरी, उचलता येते. २०१८ ला राज्याने बंदी आणली, २०२२ पासून केंद्राचीही काही वस्तूंवर आली, तरी किराणा दुकानात पिशवी मिळतेच. तिथं बोलायचं सोडून आपण कचऱ्याला प्रतिष्ठा देतोय. उद्या लोक म्हणतील, वापरा बिनधास्त, ब्लॉक होतातच की.

हळदीचा_वाफा

ताई, तुमचं पटतंय. पण आमच्याकडं आज मल्चिंग पेपरचं काय होतं ठाऊक आहे का? बांधावर ढीग लावून काडी लावतात. संध्याकाळी धूर अख्ख्या गावावर बसतो. ब्लॉकची भुकटी वाईट का हा धूर वाईट, एवढंच सांगा.

निंबोणी

दोन्ही वाईट. कमी वाईट निवडायचं असेल तर ब्लॉक. पण मग उन्हात नका ठेवू. मातीखाली, सावलीत, जिथं घासलं जाणार नाही अशा जागी वापरा. आणि "हरित" वगैरे पाटी लावू नका त्याच्यावर.

माळवद

तेरणाकाठ यांच्या शेवटच्या प्रश्नाकडे कुणी गेलंच नाही. भिंतीच्या विटा का नको?

मी किल्लारीच्या पट्ट्यातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. मी आठ वर्षांचा. आमचं घर दगड-मातीचं, भिंती दोन-अडीच हात रुंद, वर माळवद, त्यावर दर वर्षी चढवलेला पांढऱ्या मातीचा थर. ते गार घर होतं, मे महिन्यात पंखा लागायचा नाही. तेच अंगावर आलं. पुढचं लिहीत नाही.

म्हणून हलक्या विटा म्हटलं की मी कान टवकारतो. ही प्लास्टिकची वीट मातीच्या विटेपेक्षा हलकी, न फुटणारी. भूकंपाच्या भागात चांगली नाही का?

ओळंबा

माळवद, विचार योग्य दिशेने आहे, पण थांबा. किल्लारीत नुसतं वजन नडलं नाही. गोल दगड मातीत रचलेले, भिंतीच्या आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारा लांब दगड नाही, वर माळवदाचं ओझं. हादरा बसला तशा भिंतीच्या दोन बाजू पुस्तकासारख्या उघडल्या. भिंत टिकते ती एकसंध बांधणीवर. आणि प्लास्टिकच्या विटेला सिमेंटचा माल धरतच नाही. गिलावाही सुटतो. खाचा पाडून एकमेकींत अडकणाऱ्या विटा करतात काही जण, पण त्यावर छताचं वजन वर्षानुवर्षं ठेवायचं म्हणजे पुन्हा तोच जॅकचा खळगा.

शिवाय आग. आपल्याकडं स्वयंपाकघर आहे, गॅस आहे, देवघरात समई आहे. ही भिंत पेटली तर जळते, ठिबकते आणि विषारी धूर सोडते. गुजरातमध्ये २०२० साली ८० टक्के फाउंड्रीची धूळ आणि २० टक्के प्लास्टिक अशा ब्लॉकचा प्रयोग झाला. त्यात प्लास्टिकचं प्रमाण कमी, म्हणून मला तो जास्त पटतो. पण राहत्या घराच्या भिंतीला अग्निचाचणीचा कागद हातात असल्याशिवाय मी सही करणार नाही. कंपाउंडची भिंत, कांद्याच्या चाळीचा कट्टा, खुशाल करा.

उंटावरचा_शहाणा

एक गंभीर शंका. वेरूळला कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं. एवढा बेसॉल्टचा चुरा निघाला तो टाकला कुठं? त्या ठेकेदाराचा नंबर असेल तर आबांना द्या, ढिगाचा प्रश्न सुटेल.

खडीमशीन

त्या काळी क्रश सँडला भाव नव्हता, नाहीतर राष्ट्रकूटांनी आधी रॉयल्टी मागितली असती.

ठेकेदार_नव्हे

कैलासावरून खाली या. ग्रामपंचायतीची कामं करतो, म्हणून व्यवहाराचं सांगतो.

सरपंच "बसवू" म्हणाले, पण बिल कशातून काढणार? अंदाजपत्रक होतं ते सरकारी दरसूचीवर. तिथं पेव्हर ब्लॉक म्हणजे सिमेंटचा, आयएस १५६५८ प्रमाणे. पायवाटेला एम-३०, हलक्या रहदारीला एम-३५, अशा चढत्या प्रती. तुमचा ब्लॉक कितीही चांगला असला तरी तो त्या ओळीत बसत नाही. शाखा अभियंता मोजमाप पुस्तकात काय लिहील? एका गावात मी हौसेने असलंच एक "नवीन" काम केलं होतं, वेगळ्या मालाचं. लोक खूश, फोटो काढले, पेपरात आलं. बिल अडीच वर्षं फिरलं. शेवटी "विहित बाबीत समावेश नाही" असा शेरा मारून परत आलं. ते पैसे माझेच गेले.

विकायचंच असेल तर खाजगी गिऱ्हाईक धरा: मंगल कार्यालय, नर्सरी, शाळेचं मैदान. आणि प्लास्टिकवर प्रक्रिया म्हटलं की प्रदूषण मंडळाची संमती लागते, ते यंत्र घेण्याआधी बघा, नंतर नव्हे.

प्रयोगवही

रस्त्याचा पर्याय कुणी काढला नाही अजून. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन, २०१८ चे पद्मश्री. त्यांची पद्धत फार साधी आहे. खडी १६०-१७० अंशांवर तापवायची, तिच्यावर प्लास्टिकचा कीस टाकायचा. अर्ध्या मिनिटात प्रत्येक खड्यावर पातळ सालीसारखा थर बसतो. मग डांबर. डांबराच्या वजनाच्या सहा-आठ टक्के प्लास्टिक जातं. खडीला पाणी लागत नाही, डांबर सुटत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१३ पासून मार्गदर्शिका आहे त्यावर, त्यामुळे ठेकेदार_नव्हे यांची दरसूचीची अडचणही इथं तेवढी येत नाही.

त्याच वासुदेवन सरांनी प्लास्टिक आणि दगडाच्या कचऱ्याची फरशीही केली, तिला प्लॅस्टोन म्हणतात. केनियात नैरोबीला न्झांबी माती नावाची तरुणी वाळू आणि प्लास्टिकचे पेव्हर विकते, २०२० साली तिला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. म्हणजे ब्लॉक होतात, धंदाही होतो. पण ती मंडळी कढईवर करत नाहीत. तापमान धरणारं एक्सट्रूडर यंत्र, म्हणजे प्लास्टिक वितळवून स्क्रूने पुढं ढकलणारं, आणि वर हायड्रॉलिक दाब, हे दोन्ही लागतं.

रद्दीसम्राट

आडनाव माती आणि काम प्लास्टिकचं. लई भारी.

तेरणाकाठ

आबांच्या ढिगाचं काय, कुणी सांगेल का? पीठ शेतात पसरलं तर? एक जण म्हणाला, चुना असतो, जमीन सुधारते.

हळदीचा_वाफा

अजिबात नको! चुना घालतात तो कोकणासारख्या आंबट जमिनीला. आपली काळी जमीन आधीच चुनखडीची, सामू आठच्या वर. आणखी घातलात तर लोह लागू होणार नाही, सोयाबीन-भुईमूग कोवळेपणीच पिवळे पडतील. आबा तहसील सोडून थेट न्यायालयात जातील.

ओळंबा

ढिगाला प्लास्टिक नको, राख द्या. परळीच्या औष्णिक केंद्राची राख घेऊन विटा करणारे आपल्याकडं रस्तोरस्ती आहेत. राख, डस्ट, सिमेंट, यात डस्टचा थोडा भाग तुमच्या वाळल्या पिठाने बदलता येतो. सिमेंटच्या पेव्हरमध्येही तेच. जास्त घातलं तर पाणी पितं आणि ताकद उतरते, म्हणून आधी नमुना करून दाबून बघायचा. एखाद्या विटावाल्याशी बोला, तो ट्रॅक्टर घेऊन दारात येईल असं मी म्हणत नाही, पण फुकट असेल तर विचार नक्की करेल. टनावारी माल हलेल तो तिथंच.

थोडक्यात, तुमच्या घरी दोन कचरे आहेत म्हणून त्यांचं एकमेकांशी लग्न लावायलाच पाहिजे असं नाही.

उंटावरचा_शहाणा

पत्रिका जुळत नाही म्हणा की सरळ.

तेरणाकाठ

दोन महिने झाले, धागा वर काढतोय. माफी असावी, मधे सोयाबीनची सुगी होती.

तर झालं असं. ढिगाचं आधी सांगतो. रेणापूरकडचा एक राखविटावाला तयार झाला. तीन ट्रॉल्या घेऊन गेला, नमुन्याच्या विटा केल्या, म्हणाला चालतंय पण वाळवून आणि चाळून द्या. आता चुलते पत्र्याच्या शेडमध्ये पीठ पसरून वाळवतायत. ढीग या जन्मी संपणार नाही, पण नवीन पडणारं तरी ढिगावर जात नाही. आबांना नेऊन विटा दाखवल्या. त्यांनी हातात घेतल्या, आपटून बघितल्या आणि म्हणाले, "बांध कधी घालून देताव ते सांगा." तेव्हा बांधही घालून दिला.

प्लास्टिकचं: पारावर ब्लॉक बसवायचा बेत सोडला. एमआयडीसीत दाणे करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडं जुनं एक्सट्रूडर होतं. त्याच्याकडं पिशव्या, झाडलेला मल्चिंग पेपर आणि विकत घेतलेल्या थोड्या नळ्या नेल्या. सात भाग पीठ त्याच्या यंत्राला झेपेना, स्क्रू अडकायला लागला. शेवटी निम्मं-निम्मं केलं. साचा साध्या पत्र्याचा, दाब ट्रकच्या जॅकचा. म्हणून ब्लॉक न करता चेंबरची झाकणं केली, दीड फूट बाय दीड फूट, वर मुद्दाम उठावाची नक्षी, म्हशीला स्मरून. चौदा झाली. चार वाकडी झाली, थंड होताना वजन ठेवायला विसरलो होतो. दहा गल्लीतल्या सांडपाण्याच्या चेंबरवर बसवली, जिथं गाडी जात नाही अशाच ठिकाणी, आणि दोन सोडता सगळी सावलीत. निंबोणी ताई, पाटी लावलेली नाही.

पैशाचं विचाराल तर मजुरी, वीज, नळ्या धरून सिमेंटच्या झाकणापेक्षा महाग पडलं. बचत गटाला यातून आत्ता तरी काही सुटत नाही. बायको म्हणते, खोली निम्मी रिकामी झाली हेच पुष्कळ. ग्रामपंचायतीने रुपया दिलेला नाही.

रद्दीसम्राट

महाग पडलं तरी एक फायदा तुमच्या लक्षात आला नसेल. लोखंडी झाकणं रात्रीत गायब होतात आणि कुठं जातात ते मी सांगायला नको. तुमचं झाकण चोरून नेलं तर आमच्यासारखा कुणी चार आणेही देणार नाही. पीठ मिसळलेलं प्लास्टिक भंगारात घेत नाहीत.

ओळंबा

हा मुद्दा मी माझ्या पुढच्या अहवालात चोरणार आहे. तेरणाकाठ, उन्हातल्या त्या दोन झाकणांवर खिळ्याने आजची तारीख कोरून ठेवा आणि दोन ओंडक्यांवर एक जास्तीचं झाकण ठेवून मधे पन्नास किलोचं पोतं ठेवा. मे संपला की किती वाकलं ते पट्टीने मोजून इथं टाका.

तेरणाकाठ

ठेवतो. पोतं सिमेंटचं चालेल का खताचंच पाहिजे?

हळदीचा_वाफा

काहीही ठेव भाऊ, फक्त म्हैस बांधू नको तिथं.